खडीचा भाव आणि शेजाऱ्याची विहीर

कापडाच्या धंद्यात धूळ हा पहिला दुश्मन. पांढरा लठ्ठा एकदा मळला की त्याचा भाव गेला. धुऊन, इस्त्री मारून पुन्हा घडी घातली तरी गिऱ्हाईक नुसत्या हाताने ओळखते. आमचे दुकान पुण्याच्या रविवार पेठेत, धंदा वडिलोपार्जित. १९९० नंतरच्या काही वर्षांत वडिलांबरोबर आम्ही गठ्ठे बांधून नगर रस्त्याने वाघोलीच्या बाजाराला जात असू. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच ध्यानात आले की वाघोलीत पांढरा माल खपत नाही. खाणीवरच्या बाया गडद हिरवे, तपकिरी, जांभळे पातळ मागत. पुरुष खाकी किंवा निळे कापड. टॉवेल आणि पंचे मात्र हातोहात जात, कारण काम करताना तोंडाला बांधायला तेच लागत. पांढरे धोतर आणि टोपीचे कापड घेणारे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, आणि तोही खाणीपासून दूरच्या शिवारातला. वडिलांनी पुढच्या हंगामापासून वाघोलीसाठी मालाचा गठ्ठाच वेगळा बांधायला सुरुवात केली.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची ही हकीकत आज सांगण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एकाच आठवड्यात दोन माणसे आमच्या गादीवर आली. पहिले आमचे जुने गिऱ्हाईक, खडी क्रशरचे मालक. वाघोलीच्या पलीकडच्या एका गावात त्यांनी जमीन पाहिली होती, तिथे नवी खाण घ्यायची होती आणि भांडवलात आमचा चार आणे हिस्सा असावा असा त्यांचा प्रस्ताव होता. दुसरे आले ते भाजीपाल्याचे शेतकरी. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या दोन मुलींच्या लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानात बांधला गेला. त्यांच्या हातात हरकतीचा अर्ज होता आणि त्यावर त्यांना आमची सही हवी होती, कारण त्यांच्या शेजारी आमच्या नात्यातल्या एकाची अडीच एकर जमीन आहे आणि तिचा कारभार आम्हीच पाहतो. आम्ही दोन्ही कागदांवरचे गट नंबर ताडून पाहिले. जागा एकच होती.

वाचक बंधूंपैकी अनेकांचा रोजगार या ना त्या रूपाने दगडाशी जोडलेला आहे. नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डंपरची गॅरेजे, टायरची दुकाने, वेल्डिंगचे शेड, क्रशरच्या जबड्याच्या प्लेटा बदलून देणारे कारागीर, यांत आपली माणसे बरीच आहेत. गवंडी आणि सेंट्रिंगवाले तर आहेतच. तेव्हा "खाण वाईट, बंद करा" असे म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. आमच्या गोदामाचा स्लॅब आणि पाया वाघोलीच्याच खडीचा आहे.

वाघोली हे तसे जुने गाव. वाघेश्वराचे देऊळ, पिलाजी जाधवरावांच्या घराण्याचे ठाणे. मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग याच काळ्या दगडाचा आहे, पण वाढत्या शहराच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून तो मिळाला की त्याचे सोने होते. पुणे पूर्वेकडे वाढू लागले तशा वाघोली, भावडी, लोहगावच्या बाजूने खाणी आणि क्रशर वाढले. दगड फोडायला वडार समाजाची माणसे सोलापूर, मराठवाडा आणि कर्नाटकाच्या सीमेकडून आली. वडारांत माती वडार, गाडी वडार, जाते वडार असे पोटभेद आहेत. जाती घडवणारे ते जाते वडार. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा 'संगतराश' हा शब्द शिकलो होतो, पण छिन्नी-हातोड्याने सबंध आयुष्य काढलेला माणूस प्रथम पाहिला तो वाघोलीत.

खाणीचा व्यवहार थोडक्यात असा. कंप्रेसरने दगडाला भोके पाडायची, त्यांत सुरुंग भरून उडवायचे, सुटलेला डबर डंपरने क्रशरला न्यायचा, तिथे जबड्यात भरडून चाळणीने वेगवेगळ्या जाडीची खडी काढायची आणि खाली उरलेला चुरा वेगळा करायचा. पूर्वी हा चुरा म्हणजे डोक्याला ताप असे. नदीच्या वाळूवर निर्बंध आले, वाळूचा भाव चढला आणि त्याच चुऱ्याच्या जातीचा क्रश सँड हा माल बाजारात मानाने विकला जाऊ लागला. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले आणि अशा वाळूवरचे स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपयांवरून २०० रुपयांवर आणले. नद्या वाचवायच्या तर हे योग्यच झाले. पण नदीवरचा बोजा उतरला तो कोठेतरी चढणार, आणि तो दगडाच्या खाणीवर चढतो, हेही व्यापाऱ्याने समजून घ्यावे.

आता नवी खाण शेतात का येते, तो मुद्दा. जुन्या खाणी खोल गेल्या, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या गिऱ्हाइकाने स्वतःच सांगितले. "शेठ, आम्ही खडी दिली, तिच्या बिल्डिंगा झाल्या. आता त्या बिल्डिंगांतली माणसं खिडकीतून क्रशरचे फोटो काढतात आणि तक्रार करतात. क्रशरवर बँकेचं कर्ज आहे. हप्ता काय बिल्डिंगवाले भरणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. वाघोली ३० जून २०२१ रोजी आणखी बावीस गावांसह पुणे महापालिकेत आली. खाणीच्या कडेला सोसायट्या उभ्या राहिल्या. सोसायटीत वकील असतो, इंजिनिअर असतो, पत्र लिहिणारा निवृत्त अधिकारी असतो. क्रशरवाल्याने मग दहा मैल पलीकडे जमीन पाहायची, जिथे शेजारी म्हणजे मेथी-कोथिंबीर लावणारा तात्या, ज्याला अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. धूळ कमी झाली असे आपण समजतो. खरे म्हणजे तिने फक्त पत्ता बदललेला असतो.

यात एक गोष्ट चमत्कारिक आहे. केसनंद, लोणीकंद, भावडी येथे अजून ग्रामपंचायत आहे, म्हणजे ग्रामसभा आहे. खाणीचा अर्ज आला की ग्रामपंचायतीचा ठराव सहसा मागितला जातो, आणि तिथे उठून बोलता येते. वाघोलीत महापालिका आली आणि ग्रामसभा गेली. वर मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे महापालिकेतच लोकनियुक्त सभागृह नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात वाघोलीच्या माणसाला शहराचा कर आला, पण हात वर करून "मला हे मान्य नाही" असे म्हणायची जागा राहिली नाही. पलीकडच्या गावांना ती आहे, तोवर त्यांनी ती वापरावी.

तात्यांच्या काळज्या काय आहेत, त्या आम्ही त्यांच्याबरोबर बांधावर उभे राहून ऐकल्या. शहरातल्या माणसाला वाटते की प्रश्न आवाजाचा आणि धुळीचा. शेतकरी मात्र पहिली गोष्ट विहिरीची काढतो.

काळ्या दगडात पाणी हौदासारखे साठत नाही. ते दगडाच्या भेगांतून, सांध्यांतून आणि मधल्या सच्छिद्र, मऊ थरांतून चालते. विहीर म्हणजे अशा एक-दोन झऱ्यांवर उभी असलेली दौलत. शेजारी खाणीचा खड्डा विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेला की तोच झरा खड्ड्यात उतरतो. खाणवाला पंप लावून ते पाणी बाहेर फेकतो, कारण त्याला कोरडा दगड हवा असतो. इकडे विहिरीचा तळ दिसतो. सुरुंगाच्या हादऱ्याने कधी नव्या भेगा पडून पाणी वाढतेही, असे जुने लोक सांगतात. पण ते नशिबाचे काम. तात्यांची विहीर त्यांच्या आजोबांनी वडारांकडूनच खोदून घेतली होती, बांधकाम घडीव दगडाचे. सिमेंट कोठेच नाही, दगडावर दगड बसवलेला. हादऱ्याने पहिला दगड निखळला की पुढचे सांगायला नको.

मग धूळ. आम्ही म्हणालो, "पाऊस पडला की धुऊन निघते ना?" तात्या हसले. "शेठ, तुमचं कापड झटकता येतं. माझी मेथी कशी झटकू? अन् कांद्याच्या गोंडावर धूळ बसली की माशी फिरत नाही, बी भरत नाही. हिरव्या चाऱ्यावर बसली तर म्हैस तोंड फिरवते. बाजारात जुडी नेली की व्यापारी आधी नाव ठेवतो, मग भाव पाडतो." शेवटचे वाक्य आम्हाला जास्त लागले. मळलेल्या लठ्ठ्याचा भाव आम्हीही असाच पाडत आलो आहोत.

या धुळीबद्दल भलतेसलते पसरवू नये, असेही आमचे मत आहे. खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिसने माणसे मेली, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. अंगठीतला अकीक चमकतो त्यामागे कोणाची तरी फुफ्फुसे गेली आहेत. पण अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. आपल्या काळ्या दगडात मोकळा क्वार्ट्झ फार थोडा असतो. तेव्हा वाघोलीची धूळ आणि खंबायतची धूळ एक नव्हे. म्हणून ती निरुपद्रवी ठरते काय? नाही. बारीक भुकटी कोणतीही असो, रोज आठ-दहा तास छातीत गेली की खोकला आणि दमा ठेवूनच जाते, आणि याची पहिली झळ शेजाऱ्याला लागत नाही, क्रशरच्या पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या मजुराला लागते.

सुरुंगाच्या बाबतीत नियम आहेत, आणि ते बऱ्यापैकी बारकाईचे आहेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात साध्या घरांना किती हादरा चालेल त्याची मर्यादा दिली आहे: जमिनीची थरथर सेकंदाला आठ आवर्तनांहून कमी असेल तर वेग सेकंदाला पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. हे मोजायचे यंत्र असते. पण ज्याच्या भिंतीला तडा जातो त्याच्याकडे ते नसते, आणि ज्याच्याकडे असते त्याच्या भिंतीला तडा जात नाही. तक्रार झाल्यावर अधिकारी येतो, त्या दिवशी सुरुंग लहान उडतो. तात्या सांगतात की शेजारच्या गावात दुपारी सुरुंगाचा भोंगा वाजला की बाया घरातली भांडी फळीवरून खाली काढून ठेवतात.

क्रशरच्या धुळीसाठीही पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांत पाच गोष्टी सक्तीच्या केलेल्या आहेत: धूळ निघते तिथे झाकण आणि पाण्याचा फवारा, वाऱ्याच्या बाजूला भिंत, आवारात पक्का रस्ता, जमिनीची नियमित झाडलोट आणि पाणी मारणे, आणि कडेने झाडांचा पट्टा. यात परदेशी यंत्र कोणतेच नाही. पत्रा, पाईप, विटा, डांबर आणि रोपे. आमच्या गिऱ्हाइकाला आम्ही विचारले, तुमच्या जुन्या क्रशरवर यातले काय आहे? ते म्हणाले, "फवारा आहे, पण पाणी मारलं की चुरा ओला होतो, चाळणी अडते, माल कमी निघतो." म्हणजे धूळ दाबण्याचा खर्च नळाचा नव्हे, उत्पादनाचा आहे. हे आम्हाला प्रथमच कळले. जो व्यापारी फवारा चालू ठेवतो त्याची खडी महाग पडते आणि जो बंद ठेवतो तो बाजार मारतो. प्रामाणिक क्रशरवाल्याची खरी तक्रार सरकारपेक्षा शेजारच्या क्रशरवाल्याविरुद्ध असायला हवी.

आता आमच्या सवयीप्रमाणे वही उघडू. खडीचा हिशेब ब्रासवर होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. समजा एक एकर जागेत वीस फूट खोल दगड काढला, तर ८,७१,२०० घनफूट, म्हणजे ८,७१२ ब्रास. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या ब्रासला ६०० रुपये या दराने सरकारचे स्वामित्वधन ५२ लाख २७ हजार २०० रुपये झाले. जमीनमालकाचे भाडे वेगळे, क्रशरवाल्याचा नफा वेगळा, डंपरवाल्याची खेप वेगळी, सुरुंगवाला, डिझेलवाला, आमच्यासारखा भागीदार, सर्वांची नावे या खात्यात आहेत. विहीर आटली तर तात्यांचे नुकसान होईल ते दर हंगामाला होईल, पण त्या खात्यात तात्यांचे नावच नाही. जमाही नाही, नावेही नाही. खडी स्वस्त पडते ती याच कारणाने. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, ज्याची सावली आपल्याशी एक आहे तो. सावलीत हिस्सा आणि हिशेबात बेपत्ता, असा हा प्रकार आहे.

सरकारने एक खिडकी ठेवली आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. स्वामित्वधनाच्या जोडीला खाणवाल्याने या निधीत रक्कम भरायची आणि ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शाळा अशा कामांवर खर्च व्हायची, असा कायदा आहे. आम्ही चार गावांत विचारले. हे नाव ऐकलेला एकही शेतकरी भेटला नाही.

कायद्याची दुसरी बाजूही व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी, कारण भांडवल तिथेच अडकते. पूर्वी पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या जमिनीचे तुकडे पाडून पाच-पाच हेक्टरांखालचे पट्टे घेण्याची युक्ती देशभर चालली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरयाणा सरकार या प्रकरणात ती बंद केली आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्राचे गौण खनिजाचे नवे नियम २०१३ मध्ये आले. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने आणखी पुढे जाऊन, एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या खाणींना एक समूह धरले, म्हणजे माझी खाण एवढीशीच, असे आता म्हणता येत नाही. शेजारच्या पाच खाणी मोजाव्या लागतात. आणि परवान्यापेक्षा जास्त किंवा परवान्याविना उकरले तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय डंपर आणि यंत्र जप्त. आमच्या ओळखीच्या एका डंपरमालकाची गाडी अशीच महिनोन्महिने उभी होती. हप्ता चालू, चाक बंद. खाण दुसऱ्याची, चूक दुसऱ्याची, पण पावतीविना खेप भरली ती याने.

हे सारे नियम कागदावर शेजाऱ्याच्या बाजूचे आहेत. तरी शेजारी हरतो, आणि तो का हरतो हे तात्यांचा सातबारा पाहिल्यावर आम्हाला कळले. त्यांच्या उताऱ्यावर विहिरीची नोंदच नव्हती! आजोबांनी खोदली, सगळ्या गावाने तिचे पाणी प्याले, पण तलाठ्याच्या दप्तरात ती नव्हती. पिकाच्या रकान्यात कधीतरी ज्वारी लागली होती. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची. तात्यांकडे तसला मोबाइल नाही. म्हणजे उद्या साहेब येऊन कागद पाहील तर त्याला दिसेल एक कोरडवाहू पड जमीन, ना विहीर, ना भाजीपाला. अशा जमिनीशेजारी खाण दिली तर कोणाचे काय गेले? धंद्यात ज्याची नोंद नाही ती उधारी बुडाली म्हणून आपण सोडून देतो. तसेच हे.

म्हणून आम्ही सही करण्याआधी त्यांना तीन कामे सांगितली. विहिरीची नोंद करून घ्या. चालू पीक नातवाकडून मोबाइलवर चढवा. आणि विहिरीचे पाणी आजपासून मोजायला लागा, खाण यायच्या आधीपासून. खाण सुरू झाल्यावर "पाणी कमी झाले" म्हणाल तर समोरचा म्हणेल पाऊस कमी झाला. आधीची दोन वर्षे कागदावर असतील तर त्याला तसे म्हणणे जड जाईल. घराच्या भिंतींचे, विहिरीच्या बांधकामाचे फोटोही तारीख दिसेल असे आजच काढून ठेवायचे. तडा नव्हता याचा पुरावा तडा जाण्याआधीच मिळतो.

आमच्या भागीदारीचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही नकार दिला नाही. खोटे कशाला सांगावे, चार आण्यांतला नफा पाहून आमच्या थोरल्या मुलाचे डोळे चमकले होते आणि आमचेही मन हलले होते. कापडाचा धंदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आम्ही गिऱ्हाइकासमोर चार अटी ठेवल्या. पाचही नियम पहिल्या दिवसापासून पाळायचे. सुरुंगाची वेळ ठरलेली आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांना कळवलेली असावी. खड्डा विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली नेऊ नये, आणि न्यायचाच असेल तर उपसलेले पाणी पाईपने शेतकऱ्यांना द्यावे. चौथी अट अशी की दर ब्रासमागे काही रक्कम बाजूला काढून शेजाऱ्यांच्या नावे बँकेत ठेवावी, विहीर आटली तर तीतून भरपाई.

पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर म्हणाले, बघू. चौथीवर उठून उभे राहिले. "शेठ, एवढं करणारा क्रशरवाला मला एक दाखवा." आम्हाला दाखवता आला नाही. ते रागावून गेले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांच्या घरचा बस्ता दुसऱ्या दुकानात बांधला जातो.

अर्जावर आम्ही सही केली. करताना हात जरा थबकला, तो भागीदारीमुळे नव्हे. वाघोलीत आमच्याकडून उधारीवर कापड नेणाऱ्या एका वडार बाईचे बोलणे आठवले. मागे एकदा काही खाणी कारवाईत बंद पडल्या होत्या, तेव्हा ती म्हणाली होती, "भाऊ, खाण बंद झाली की मालक वकिलाकडं जातो, शेतकरी शेताकडं जातो. आमी कुठं जायचं?" तिची सगळी हयात खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोपटात गेली. तिची नातवंडे शिकली ती संतुलन संस्थेच्या पाषाण शाळेत. बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतल्या मुलांसाठी या शाळा सुरू केल्या. त्याआधी खाणीवरचे मूल म्हणजे दुसरे लहान हातोडे, एवढाच त्याचा हिशेब होता. शेजाऱ्यांच्या हरकतीच्या अर्जात या माणसांविषयी एक ओळही नव्हती. आम्ही ती घालायला लावली: परवानगी दिलीच तर मजुरांना पाणी, तोंडावरची पट्टी, औषधपाणी आणि मुलांच्या शाळेची सोय हीसुद्धा अट असावी. तात्यांना ते फारसे पटले नाही. "आपला प्रश्न वेगळा, त्यांचा वेगळा," असे ते म्हणाले. पण ओळ राहू दिली.

खाणी संपल्यानंतरचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. वाघोलीकडचे जुने खड्डे पावसात भरतात, वरून निळेशार दिसतात. काठ सरळ तुटलेला, उतरायला पायरी नाही, तळ माहीत नाही. अशा खाणींत पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. खाण आराखड्यात खड्डा कसा मिटवायचा किंवा कुंपण घालायचे हे लिहिलेले असते. लिहिलेले असते, एवढेच आम्ही म्हणू.

अर्जाचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. तात्यांच्या विहिरीची नोंद झाली, त्याला चार हेलपाटे पडले. पाणी मोजायला टेप मिळेना, तेव्हा दुकानातून आम्ही नवारीचे एक बंडल दिले. खाली लोखंडी वजन बांधून, दर फुटाला लाल आणि दर पाच फुटांना काळ्या दोऱ्याचा टाका आमच्या शिंप्याने घालून दिला आहे. दर रविवारी सकाळी, मोटर सुरू करण्याआधी, तात्यांचा नातू ती विहिरीत सोडतो आणि शाळेच्या वहीत तारीख व फूट लिहितो. गेल्या रविवारपर्यंत वहीची सात पाने भरली. पांढरी नवार आता तपकिरी पडली आहे. ती नुसती विहिरीच्या गाळाची, असे तो मुलगा म्हणाला.